टी-शर्ट कुणाचा, छाती कुणाची?

मागच्या रविवारी रात्री आमच्या गल्लीतल्या गणेश मंडळाची मीटिंग होती. वर्गणीच्या पावती पुस्तकावर गेली काही वर्षं 'सल्लागार' म्हणून माझं नाव छापलं जातं. सल्ला कुणी विचारत नाही, पण मीटिंगला बोलावतात. मांडव, मूर्ती, ढोल की डीजे हे नेहमीचे विषय झाले आणि मग टी-शर्टचा विषय निघाला. दीडशे टी-शर्ट येणार, एक रुपया खर्च नाही. पुढे खिशाच्या जागी मंडळाचं नाव, पाठीवर पाठभर एका इच्छुकांचा फोटो, खाली 'आपला माणूस'. इच्छुक कशासाठी इच्छुक आहेत ते तुम्हाला सांगायला नको.

मी म्हटलं, "अरे, दीडशे-दोनशे रुपये माणशी काढू आणि आपले आपण छापू. पाठीवर फोटो कशाला?"

तर एक पोरगं, बारावी झालेलं, अगदी आदबीनं म्हणालं, "दादा, फुकट मिळतोय. तुमचं काय जातंय?"

मला त्या वेळी उत्तर सुचलं नाही. पत्रकाराला उत्तरं नेहमी रात्री घरी गेल्यावरच सुचतात. ते उत्तर आज इथं लिहितोय. लांबलंय, पण वेळ काढून वाचा. कारण त्यात जग फिरून परत आपल्या एसटी स्टँडामागच्या एका प्रेसमध्ये यायचं आहे.

टी-शर्ट म्हणजे मुळात आतला कपडा. आपल्याकडच्या बनियनसारखाच. १९१३ च्या सुमारास अमेरिकन नौदलानं आपल्या खलाशांना गणवेशाच्या आत घालायला अर्ध्या बाह्यांचा, गोल गळ्याचा, पांढरा सुती कपडा दिला. पसरून ठेवला की इंग्रजी 'टी' अक्षरासारखा दिसतो, म्हणून टी-शर्ट. १९२० साली स्कॉट फिट्झेराल्डच्या कादंबरीत हा शब्द छापून आला. उकाड्यात, इंजिनाजवळ, डेकवर काम करताना खलाशी वरचा गणवेश काढून नुसत्या टी-शर्टवर वावरायचे. पण तसं शहरात फिरणं म्हणजे आपल्याकडं बनियनवर लग्नाला जाण्यासारखं होतं.

दुसऱ्या महायुद्धात लाखो पोरं सैन्यात गेली आणि त्यांच्याबरोबर हा कपडाही सगळीकडं गेला. जुलै १९४२ मध्ये 'लाइफ' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर एक सैनिक झळकला. त्याच्या टी-शर्टवर तो ज्या शाळेत मशीनगन चालवायला शिकत होता तिचं नाव आणि चिन्ह छापलेलं होतं. छातीवर मजकूर असलेला टी-शर्ट इतक्या मोठ्या वाचकवर्गापुढं आल्याचं हे सुरुवातीचं उदाहरण. लक्षात घ्या, त्या छातीवर सैनिकाचं स्वतःचं काहीही नव्हतं. ज्यानं कपडा दिला, त्याचं नाव होतं.

युद्ध संपलं, पोरं घरी आली, टी-शर्ट अंगावर राहिला. १९५१ च्या सिनेमात मार्लन ब्रँडो नुसत्या घट्ट टी-शर्टवर पडद्यावर आला, १९५५ साली जेम्स डीन आला, आणि आतला कपडा बाहेर आला तो कायमचाच.

पण छापील टी-शर्टवर राजकारणी लोकांची नजर त्याआधीच पडली होती. १९४८ साली अमेरिकेत अध्यक्षपदाची निवडणूक झाली. रिपब्लिकन उमेदवार थॉमस ड्यूई, समोर हॅरी ट्रूमन. ड्यूईच्या प्रचारात टी-शर्ट छापले गेले, त्यांवर 'ड्यू-इट विथ ड्यूई' अशी आडनावावरची कोटी होती. त्यातला एक आज अमेरिकेच्या स्मिथसोनियन संग्रहालयाकडं आहे. हा ड्यूई आम्हा पत्रकारांना वेगळ्याच कारणानं माहीत असतो. डिप्लोमाला असताना पहिल्या महिन्यातच सरांनी तो फोटो दाखवला होता. 'शिकागो ट्रिब्यून'नं निकाल पुरता हाती यायच्या आधीच अंक छपाईला सोडला आणि 'ड्यूईनं ट्रूमनला हरवलं' असा पानभर मथळा दिला. प्रत्यक्षात ट्रूमन निवडून आला. त्यानं तोच अंक दोन्ही हातांनी वर धरून दात काढून फोटो काढून घेतला. म्हणजे प्रचाराचा टी-शर्ट पण पडला आणि पेपरही पडला.

तर मुद्दा असा, की छापील टी-शर्टचा जन्म बंडखोरीतून झाला असं जे आपल्याला वाटतं, ते खरं नाही. आधी सैन्य आलं, मग पक्ष आला. सामान्य माणूस तिथं उशिरा पोचला. तो कसा पोचला हे समजून घ्यायचं तर छपाई समजून घ्यावी लागते.

ती मी पुस्तकात नाही शिकलो. एसटी स्टँडामागच्या प्रेसवाल्या काकांकडं शिकलो. त्यांचं नाव इथं लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. पण गावातल्या चाळिशीपुढच्या सगळ्यांनी त्यांच्याकडून लग्नपत्रिका नाहीतर व्हिजिटिंग कार्ड करून घेतलेलंच आहे.

स्क्रीन प्रिंटिंग म्हणजे काय? लाकडी चौकटीवर बारीक जाळीचं कापड ताणून बसवायचं. त्यावर इमल्शन नावाचं रसायन अंधारात चोपडून वाळवायचं. ट्रेसिंग पेपरवर काळ्याभोर शाईत मजकूर काढून तो त्यावर ठेवायचा आणि त्यातून ट्यूबलाइट किंवा सरळ ऊन दाखवायचं. जिथं उजेड लागतो तिथं इमल्शन कडक होतं. जिथं काळी अक्षरं होती तिथं मऊ राहतं आणि पाण्याच्या फवाऱ्यानं धुऊन जातं. झाली स्क्रीन तयार. आता ती कपड्यावर ठेवा, रंग ओता, रबरी पट्टीनं, म्हणजे स्क्वीजीनं, एका दमात ओढा. उघड्या जाळीतून रंग खाली उतरतो, बाकीचा वर राहतो.

ही युक्ती जुनी आहे. जपानी कारागीर शेकडो वर्षं तुतीच्या कागदाला पर्सिमन फळाचा रस लावून, कोरून कपड्यावर नक्षी उतरवत होते. कोरलेला नाजूक भाग निखळू नये म्हणून रेशमाच्या धाग्यांनी धरून ठेवत. १९०७ साली मँचेस्टरच्या सॅम्युअल सायमननं रेशमी जाळीच्या छपाईचं पेटंट घेतलं. पण टी-शर्टची अडचण वेगळी होती. तो ताणला जातो, घामेजतो, दर दोन दिवसांनी धुतला जातो. १९५९-६० च्या सुमारास प्लास्टिसॉल शाई कपड्यावर वापरात आली. ही शाई आपोआप वाळतच नाही. कपड्यावर छापून साधारण १६० अंश सेल्सिअसपर्यंत तापवली की मगच पक्की बसते. म्हणजे छापणाऱ्याला घाई नाही, जाळी बुजत नाही, आणि पक्की झाल्यावर धुतली तरी सुटत नाही. त्याच दशकात मायकेल व्हॅसिलँटोन या अमेरिकन माणसानं गोल फिरणारं छपाई यंत्र बनवलं. चरख्यासारख्या हातांवर टी-शर्ट चढवायचे आणि एकेका रंगाच्या स्क्रीनखालून फिरवायचे. १९६९ साली त्याला पेटंट मिळालं. त्या मशीनमुळं रंगीत टी-शर्ट गल्लीतल्या छोट्या दुकानाच्या आवाक्यात आला.

आणि नेमका तोच काळ व्हिएतनाम युद्धाचा, विद्यार्थ्यांच्या चळवळींचा. पेपर काढायला भांडवल लागतं. टी-शर्ट छापायला एक चौकट, एक डबा रंग आणि मित्राचं गॅरेज पुरतं. सामान्य माणूस छातीपर्यंत पोचला तो असा.

चे गव्हेराचा चेहरा घ्या. ५ मार्च १९६० ला हवानामध्ये, स्फोटात मेलेल्या माणसांच्या शोकसभेत अल्बेर्तो कोर्डा या छायाचित्रकारानं तो टिपला. त्याच्या पेपरनं दुसऱ्या दिवशी तो फोटो छापलाच नाही. फोटो काही वर्षं स्टुडिओच्या भिंतीवर राहिला. चे मारला गेल्यानंतर, १९६८ मध्ये, आयर्लंडच्या जिम फिट्झपॅट्रिक या चित्रकारानं त्यातल्या सगळ्या करड्या छटा काढून टाकल्या. राहिली फक्त काळी आकृती, लाल पार्श्वभूमी आणि टोपीवरची चांदणी. ते चित्र जगभर गेलं. कोर्डानं त्याचे पैसे मागितले नाहीत. मात्र २००० साली एका दारूच्या जाहिरातीत तो चेहरा वापरला तेव्हा तो कोर्टात गेला आणि मिळालेली रक्कम क्यूबाच्या आरोग्यसेवेला देऊन टाकली.

इथं काकांनी मला सांगितलेली एक गोष्ट फार कामाची आहे. ते म्हणाले, "स्क्रीनला करडा रंग कळत नाही. एक तर रंग पडतो, नाहीतर पडत नाही. म्हणून एका रंगात जो माणूस ओळखू येतो, तोच टी-शर्टवर चालतो." विचार करा. टोपी आणि चांदणी, की चे. जिरेटोप आणि दाढी, की शिवाजी महाराज. चष्मा आणि कोट, की बाबासाहेब. ज्यांची नुसती बाह्यरेषा लोकांच्या मनात पक्की बसलेली असते, अशी माणसं कुठल्याही काळात थोडीच असतात. आपल्या इच्छुकांचा चेहरा काकांच्या स्क्रीनवर एका रंगात छापला असता, तर तो इच्छुकांच्या घरच्यांनीही ओळखला नसता.

शिवाय प्रत्येक रंगाला वेगळी स्क्रीन, प्रत्येक स्क्रीनचा वेगळा खर्च. म्हणून मजकूर कमी, रंग एक, आणि जे छापायचं ते नीट विचार करून. गरिबीच एक प्रकारची संपादक होती म्हणा ना.

कमी शब्दांत किती करता येतं याची दोन उदाहरणं देतो. न्यूयॉर्क शहर १९७० च्या दशकात कर्जात बुडालेलं, गुन्हेगारीनं बदनाम. १९७६ साली मिल्टन ग्लेझरनं टॅक्सीत बसल्या बसल्या एका लिफाफ्यावर लाल पेन्सिलीनं तीन अक्षरं आणि एक बदाम काढला. 'माझं न्यूयॉर्कवर प्रेम आहे' एवढाच अर्थ. त्यानं त्याचे पैसे घेतले नाहीत. ते चिन्ह आज जगातल्या कुठल्याही बाजारात टी-शर्टवर दिसतं, आपल्या आठवडी बाजारातही. दुसरं उदाहरण १९८४ चं, लंडनचं. कॅथरिन हॅम्नेट या डिझायनरला पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांच्याकडं समारंभाला बोलावलं होतं. बाई कोट घालून गेल्या. थॅचर यांच्याशी हात मिळवायची वेळ आली तेव्हा कोट उघडला. आत भल्यामोठ्या काळ्या अक्षरांत लिहिलेलं होतं, की ५८ टक्के लोकांना पर्शिंग नको. पर्शिंग म्हणजे युरोपात ठेवली जाणारी अमेरिकन अण्वस्त्रवाहू क्षेपणास्त्रं. फोटोग्राफर समोरच होते. देशाच्या पंतप्रधानाला जे ऐकायचं नव्हतं, ते त्यांना वाचावं लागलं. दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी वाचलं.

आता आपल्याकडं या.

तिरुपूर तमिळनाडूत आहे. मूळचं बनियनचं गाव. १९७० च्या दशकाच्या शेवटी तिथून परदेशी टी-शर्ट जायला लागले आणि त्या गावाचं नशीब बदललं. तिथलाच माल फिरत फिरत आपल्याकडं यायला लागला. माझ्या शाळेच्या दिवसांत बाजारात इंग्रजी मजकुराचे टी-शर्ट टांगलेले असायचे. 'टायटॅनिक'च्या वेळी तर अर्ध्या गावाच्या छातीवर जहाज होतं. स्पेलिंग चुकलेलं, पण जहाज बरोबर. आपण काय मिरवतोय हे घालणाऱ्याला वाचता यायचं नाही. तेव्हा ते हसण्यावारी जायचं. आज वाटतं, तिथंच सवय लागली असावी.

स्वतःचं वाक्य छापायची पहिली वेळ माझ्यावर आली ती २००३ च्या उन्हाळ्यात. डिप्लोमा करून नुकताच परत आलो होतो, हातात काम नव्हतं. दुष्काळाचं वर्ष. नळाला आठ-आठ दिवस पाणी नाही आणि पाणीपट्टीची नोटीस मात्र वेळेवर. आम्ही बावीस जण जमलो. प्रत्येकी साठ रुपये काढले, पांढरे टी-शर्ट आणले आणि काकांकडं गेलो. वाक्य होतं, 'पाणीपट्टी भरली. पाणी कुठंय?' मी श्रीलिपीत टाइप करून प्रिंट काढून नेली होती. काकांनी वाचलं, बराच वेळ काही बोलले नाहीत. कारण त्यांचं निम्मं काम एका सरकारी कचेरीचं होतं, पावती पुस्तकं, फॉर्म, रजिस्टरं. शेवटी म्हणाले, "रात्री दहानंतर या. आणि माझं नाव कुठं येऊ देऊ नका."

रात्रभर छापलं. एक जण टी-शर्ट लाकडी फळीवर चढवायचा, काका स्क्वीजी ओढायचे, मी दोन्ही हातांनी अलगद उचलून दोरीवर टाकायचो. पिगमेंटच्या वासानं डोकं दुखायला लागलं. पहिल्या टी-शर्टवर प्रश्नचिन्हाचं टिंब उतरलं नाही, ते काकांनी बोटानं दिलं. सकाळी इस्त्री फिरवून रंग पक्का केला. १ मे होता. झेंडावंदनाला आम्ही बावीस जण एका ओळीत गप्प उभे राहिलो. घोषणा नाही, निवेदन नाही. एक हवालदार येऊन म्हणाला, "वरून शर्ट घाला." आम्ही म्हटलं, "साहेब, शर्ट आणलाच नाही." जिल्हा पानावर तीन कॉलम फोटो आला. त्यानंतर कोणत्या भागात कधी पाणी सुटणार याचं वेळापत्रक फळ्यावर लागायला लागलं. एवढंच झालं, जास्त नाही. पण झालं.

मला त्या फोटोमुळं वार्ताहराचं काम मिळालं. काकांची पावती पुस्तकं त्या वर्षी बंद झाली. कारण कुणी लेखी दिलं नाही, काकांनी विचारलं नाही. आमच्या बावीस जणांपैकी कुणीही, माझ्यासकट, त्यांच्यासाठी काही केलं नाही. वीस वर्षं झाली, हा हिशेब माझ्याकडं बाकी आहे. आज जाहीरपणे लिहितोय.

पुढं गावागावांत लोकांनी स्वतःच्या पैशानं छाप्याचे कपडे घातले. २०११ मध्ये 'मी अण्णा हजारे' लिहिलेल्या टोप्या आल्या. २०१६ मध्ये मराठा क्रांती मोर्चात काळे टी-शर्ट आले, 'एक मराठा लाख मराठा'. नागपूरला दीक्षाभूमीवर आणि दादरला चैत्यभूमीवर जाऊन बघा. पुस्तकांच्या स्टॉलशेजारी निळे टी-शर्ट असतात. मजूर माणूस रोजंदारीच्या पैशातून पोराला एक घेऊन देतो. त्या दोन शब्दांमागं काय काय सोसलेलं असतं ते त्या बापाला माहीत असतं. तुमचं त्या त्या मागणीशी, विचाराशी जमो न जमो. पण त्या छातीवरचं वाक्य त्या माणसानं स्वतः विकत घेतलेलं आहे.

मग बदललं काय? तंत्र बदललं. आता काकांचा मुलगा दुकान बघतो. त्याच्याकडं डीटीएफ मशीन आहे. पातळ फिल्मवर रंगीत चित्र छापायचं, त्यावर पांढऱ्या शाईचा थर, त्यावर गोंदाची पावडर, ती वितळवायची. मग फिल्म टी-शर्टवर ठेवून गरम प्रेसखाली दहा-पंधरा सेकंद दाबायची आणि सोलून काढायची. स्क्रीन नाही, ऊन नाही, रंग कितीही. मिशीचा केस न् केस दिसतो. एका पाठीवर इच्छुक, त्यांचे साहेब, साहेबांचे साहेब आणि कोपऱ्यात सौजन्य म्हणून अकरा छोटे चेहरे, सगळं बसतं. जो एका रंगात ओळखू येत नव्हता, तो आता हजार रंगांत तुमच्या पोराच्या पाठीवर चढलाय.

आणि हे सणासुदीलाच का, तेही बघा. निवडणूक आयोगाच्या सूचनांमध्ये एक गमतीदार फरक आहे. प्रचारात टोपी, मफलर, मुखवटा चालतो, फक्त खर्चात दाखवावा लागतो. पण साडी, शर्ट असा मुख्य कपडा वाटला तर ती मतदाराला लाच ठरू शकते, म्हणून परवानगी नाही. म्हणजे आपण ज्याला फुकटचा टी-शर्ट म्हणतो, त्याला कायद्याच्या पुस्तकात फार वाईट शब्द आहे. मग वाटायचा कधी? आधी वाटायचा. लोकप्रतिनिधित्व कायद्यात लोकसभा-विधानसभेच्या उमेदवाराचा खर्च मोजला जातो तो अर्ज भरल्यापासून निकालापर्यंत. गणपतीतला, दहीहंडीतला टी-शर्ट त्या हिशेबात येतच नाही. तिथं तो प्रचार नसतो, तिथं तो 'सहकार्य' असतो.

आणखी एक. त्याच कायद्याच्या कलम १२७-क नुसार निवडणुकीच्या पत्रकावर आणि पोस्टरवर मुद्रक व प्रकाशकाचं नाव-पत्ता छापावाच लागतो. जबाबदारी कुणाची ते कळावं म्हणून. टी-शर्टवर अशी ओळ कधी कुठं बघितलीय? पोस्टर भिंतीवर असतं, त्याला मालक विचारतो. हे पोस्टर मात्र आपल्या पायांनी चालतं, रांगेत उभं राहतं, आरतीला टाळ्या वाजवतं, आणि त्याला कुणी काही विचारत नाही.

अमेरिकेत २०१० साली एक मतदार राजकीय मजकुराचा टी-शर्ट घालून मतदान केंद्रावर गेला, तिथं त्याला अडवलं. प्रकरण त्यांच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. २०१८ मध्ये न्यायालयानं मिनेसोटा राज्याचा तो नियम रद्द केला, कारण 'राजकीय' कपडा म्हणजे नेमका कोणता, हे त्यात नीट सांगितलेलंच नव्हतं. एका टी-शर्टसाठी माणूस आठ वर्षं भांडला. बरोबर की चूक ते सोडा, पण तो स्वतःच्या टी-शर्टसाठी भांडला. साहेबांनी दिलेल्या टी-शर्टसाठी कोण आठ वर्षं भांडेल?

तर त्या पोराच्या प्रश्नाचं उत्तर. "तुमचं काय जातंय?" बाळा, माझं काही जात नाही. तुझं जातं. अंगावर लिहायची जागा फार थोडी असते, पुढून एक आणि मागून एक. सैन्यानं ती आधी घेतली, पक्षांनी घेतली, मग लोकांनी स्वतःचे साठ-सत्तर रुपये घालून ती परत मिळवली. काही जणांनी त्याची किंमत मोजली, त्यात आपल्या गावचा एक प्रेसवालाही आहे. ती जागा तू दोनशे रुपयांच्या कापडासाठी देऊन टाकतोयस. उद्या तुझ्याच नळाला पाणी आलं नाही, तर तो फोटो पाठीवर घेऊन तू कुणाच्या दारात जाशील?

काकांच्या मुलालाही मी दोष देत नाही. मशीनचा हप्ता आहे, दीडशेची ऑर्डर कोण सोडतं? उलट त्यानंच मला एक गोष्ट लक्षात आणून दिली. परवा दुकानात गेलो होतो. तो म्हणाला, "दादा, आधी वीस-पंचवीस नग असल्याशिवाय स्क्रीन परवडायची नाही. आता एक नगसुद्धा करून देतो." म्हणजे बघा, ज्या मशीननं साहेब पाठीवर आणले, त्याच मशीनवर आता एकटा माणूससुद्धा आपलं एकच वाक्य छापू शकतो. बावीस जण जमवायची गरज राहिलेली नाही. फक्त वाक्य आपलं हवं.

काका मागं खुर्चीत बसले होते. जुन्या स्क्रीन माळ्यावर आहेत का विचारलं, तर म्हणाले, "ब्लिचिंग पावडरनं धुऊन दुसऱ्या कामाला वापरायचो. कशाला ठेवतोय?" तरी मुलाला शिडी लावायला सांगून चार-पाच चौकटी काढल्या. जाळी धुतली तरी जुन्या मजकुराचा पुसट डाग राहतो. एक चौकट त्यांनी दाराच्या उजेडात धरली. लग्नपत्रिका, क्रिकेट स्पर्धा, कुठल्याशा दुकानाचं उद्घाटन, सगळं एकमेकांवर. आपल्या गावाचा इतिहास कुणी लिहिला नाही, पण तो असा जाळ्यांवर धुतला गेलाय. आमचं वाक्य त्यात सापडलं नाही.

मी एक टी-शर्ट छापून घेतला. अडीचशे रुपये, रोख. २००३ चंच वाक्य, शब्दही न बदलता. दुर्दैवानं बदलावं लागलं नाही. मुलानं विचारलं, "अजून काही?" मी काकांकडं बघून म्हटलं, "खाली बारीक अक्षरांत मुद्रकाचं नाव टाकू का?"

काका हसले. "टाक की. पावती पुस्तकं तर तेव्हाच गेली."

मंडळाची पुढची मीटिंग येत्या रविवारी आहे. पहिले दोनशे रुपये माझे, पावती फाडून. बाकीचं पोरांनी ठरवावं. आणि मे २००३ च्या त्या बावीस टी-शर्टपैकी एखादा कुणाच्या ट्रंकेत, गोधडीत, नाहीतर गाडी पुसायच्या फडक्यात शिल्लक असेल तर फोटो काढून मला पाठवा. काकांना दाखवायचाय.